धवल्यातला 'उतरलेला' गंधार

घणसोलीची_लेक
नमस्कार. पंधरा दिवस एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढते.

माझं माहेर घणसोली गावातलं, आगरी. लग्न होऊन ठाण्यात वर्तकनगरला आले त्याला एकवीस वर्षं झाली. माझी थोरली आत्या धवलारीण आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे मांडव पडल्यापासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला असतो, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी लग्न तीच लावायची. आता भटजीही असतात, आणि डीजे सुरू झाला की आत्याचा आवाज शेजारच्या बाईलाही ऐकू जात नाही. ती ७८ वर्षांची आहे. आमच्या आळीत तिच्यामागे हे कुणाला येत नाही. मलाही नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दिवाळीत तिला बसवून मोबाईलवर अकरा धवले रेकॉर्ड केले. मुलगी गाणं शिकते, तिला म्हटलं नोटेशन कर. ती पेटी घेऊन बसली आणि अडली. सा सापडतो, रे सापडतो, पंचम (प) बरोबर, पण गंधार, म्हणजे ग, पेटीवर कुठेच मिळत नाही. कोमल, म्हणजे खालचा ग, दाबला तर आत्या वर, शुद्ध, म्हणजे वरचा, दाबला तर आत्या खाली. तिने क्लासमध्ये ऐकवलं. तिथे सांगितलं, "वय झालंय, गंधार उतरलाय. तू शुद्ध लिही." तिने शुद्ध लिहून वाजवलं. सगळे स्वर जागच्या जागी, पण तो आमचा धवला नव्हे. माझ्या आईने दोन ओळी ऐकल्या आणि विचारलं, "ह्या कनचा गाना?"

आत्या बेसूर आहे का? नसेल, तर हे लिहायचं कसं?

खाडीकाठ
ताई, सगळ्यात आधी ती रेकॉर्डिंग दुसऱ्या ठिकाणी कॉपी करा. मी दिवाळे गावातला. आईची होळीची गाणी एकाच फोनमध्ये होती. होडीतून उतरताना फोन खाडीत गेला. आई त्याआधीच गेली होती.

नौपाड्याचा_पेटीवाला
तीस वर्षं साथ करतोय, म्हणून थोडं लिहितो. क्लासवाल्यांवर लगेच रागावू नका. साठीनंतर भल्याभल्यांचा सूर खाली येतो, हे मी शेजारी बसून ऐकलंय. दम कमी पडतो, ओळीच्या शेवटी स्वर सुटतो.

पेटीचीही बाजू सांगतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो खरा शुद्ध गंधार. सप्तकाचे १२०० भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर तो ३८६ वर येतो. पेटीत बारा पट्ट्या सारख्या अंतरावर, म्हणून पेटीचा गंधार ४०० वर. चौदा सेंट चढा. गवयाला ते कानात टोचतं. ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ पेटीला बंदी घातली त्यामागे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही हे एक कारण होतं आणि हे दुसरं.

पण ताई सांगतायत तो फरक चौदाचा वाटत नाही. कोमल आणि शुद्धच्या अधेमधे म्हणजे पन्नासेक सेंट खाली. इतका फरक पेटीच्या माथी मारता येणार नाही. माझं मत, वय.

मालतीताई
शाळेत आणि नंतर महाविद्यालयात संगीत शिकवून निवृत्त झाले, आता वाशीत असते. पेटीवाले, सेंटचा उल्लेख तुम्ही केलात, तर तो आला कुठून ते सांगते, कारण लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच गोष्टीत आहे असं मला वाटतं.

अलेक्झांडर एलिस नावाचे इंग्रज गृहस्थ, गणित आणि भाषा यांचे अभ्यासक. त्यांनी लंडनमध्ये मिळतील त्या देशांची वाद्यं गोळा केली. अरबस्तान, हिंदुस्थान, जावा, चीन, जपान. प्रत्येकाचे स्वर मोजले. कान मात्र मदतनीसाचा, कारण त्यांना स्वतःच्या कानाची खात्री नव्हती. मोजायला समान माप हवं म्हणून सेंट काढला. १८८५ साली त्यांनी निबंध वाचला आणि त्यात स्वच्छ सांगितलं की जगात निसर्गाने नेमून दिलेली एकच एक स्वरपंक्ती नाही, माणसांनी ठिकठिकाणी निरनिराळ्या घडवल्या आहेत. त्या काळी युरोपात बहुतेकांची समजूत होती की आपली सरगम निसर्गाची, बाकीच्यांची अजून कच्ची. एका मोजपट्टीने ती समजूत हलवली.

पुढे १९०० मध्ये सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, नाटकमंडळी बर्लिनला आली. कार्ल श्टुम्फ यांनी त्यांचं वादन मेणाच्या नळकांड्यांवर घेतलं आणि तिथल्या ध्वनिसंग्रहाची सुरुवात झाली. सयामी वाद्यांत सप्तकाचे सात जवळजवळ सारखे भाग निघाले. १२०० भागिले ७ करून बघा. एक पायरी १७१, दोन पायऱ्या ३४३. म्हणजे त्यांचा तिसरा स्वर जवळजवळ कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध. आत्याबाईंचा जिथे लागतो म्हणता तिथेच. तिकडच्या पोरासोरांना तो सुरेल वाटतो.

प्रश्नचिन्ह
मालतीताई, माहिती उत्तम, पण उडी मोठी आहे. सयामात मधला गंधार चालतो म्हणून घणसोलीतला बरोबर कसा ठरतो? दोघांचा काय संबंध? आणि असं म्हणत गेलो तर जगात कुणी बेसूर उरणारच नाही. मी बेसूर गातो, माझी बायको साक्षीदार आहे. मी काही कुठल्या संस्कृतीची स्वरपंक्ती गात नाही, मला सूर लागत नाही इतकंच.

मालतीताई
@प्रश्नचिन्ह, संबंध आहे असं मी म्हटलेलं नाही. इतकंच म्हटलं की "पेटीत नाही म्हणून चूक" हे म्हणण्याआधी थांबायला हवं. तुमची शंका मात्र रास्त आहे. बेसूर ओळखायची काहीतरी कसोटी लागेलच.

आनंद_ऐरोली
कसोटी आहे, आणि सोपी आहे. नेम चुकणाऱ्याचे बाण कसे लागतात? इकडेतिकडे. एकाच जागी दहा बाण असतील तर तो तिथेच मारतोय, फक्त ते फळ्याच्या मध्यावर नाही.

तेच इथे. आत्याबाईंचा गंधार दर कडव्याला वेगळा लागत असेल तर सूर हलतोय. दर वेळी त्याच जागी लागत असेल तर तो त्यांचा स्वर. पेटीवाले काका, अजून एक बघा. वयाने सूर उतरतो तर सगळेच उतरायला हवेत. पंचम जागेवर आणि तेवढा गंधारच म्हातारा, असं होईल का?

मी सिग्नल प्रोसेसिंगचं काम करतो. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मोजता येतं. प्राट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ॲम्स्टरडॅमच्या ध्वनिशास्त्रज्ञांनी बोलण्याच्या अभ्यासासाठी बनवलंय, गाण्यालाही चालतं. ताई, मूळ फाइल ड्राइव्हवरून पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको.

नौपाड्याचा_पेटीवाला
आनंदराव, पंचमाचा मुद्दा बिनतोड आहे. मोजा. चुकलो असेन तर इथेच कबूल करीन.

समुद्रपक्षी
नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं बालीत देनपसारला होतो. तिथे गामेलान शिकायला जायचे. काशाच्या पट्ट्या आणि घंटांचा ताफा, वाद्यं जोडीजोडीने. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की जोडीतली दोन वाद्यं एकमेकांशी जुळत नाहीत, एक किंचित चढं आहे. मी फार नम्रपणे गुरुजींना सांगितलं. ते हसले. आधी एकच वाजवलं, आवाज कोरडा, भांड्यासारखा. मग दोन्ही एकदम. खोलीतली हवा थरथरायला लागली. पोटात जाणवत होती ती थरथर. तिला ते ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. त्या लाटेसाठी जोडी मुद्दाम विजोड लावतात. मी तिला चूक म्हणाले होते.

एका गावाचा ताफा दुसऱ्या गावाच्या ताफ्याशीही जुळत नाही. एकातली घंटा उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाही. जावात दोन स्वरपंक्ती, स्लेंद्रो पाच स्वरांची, पेलोग सात स्वरांची, पण एका गावचा स्लेंद्रो दुसऱ्याशी तंतोतंत मिळत नाही. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात डेब्यूसी या फ्रेंच संगीतकाराने जावाचा ताफा ऐकला, तो त्याच्या कायम लक्षात राहिला.

लेकी, तुला एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेत मँटल हूड नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९६० मध्ये आग्रह धरला की परक्या संगीतावर लिहिणाऱ्याने आधी ते हाताने वाजवायला शिकावं, दोन भाषा येणाऱ्या माणसासारखी दोन संगीतं यावीत. मुलीला वही बंद करून आत्याबाईंच्या शेजारी बसव. गाऊ दे तिला त्यांच्याबरोबर.

कुवेत_रिटर्न
खारघर. अरबांच्या रास्त नावाच्या मकामातला (मकाम म्हणजे आपल्या रागासारखं) तिसरा स्वर असाच मधला असतो. ऊद या त्यांच्या तंतुवाद्याला पडदे नाहीत म्हणून बिनधास्त निघतो. १९३२ मध्ये कैरोला मोठी परिषद भरली होती, बेला बार्टोक, हॉर्नबोस्टेल वगैरे युरोपातले अभ्यासकही आले होते. तिथे भांडण कशावरून? सप्तकाचे सारखे चोवीस भाग करावेत का, आणि अरबी संगीतात पियानो घ्यावा का. पेटीवाल्यांचाच विषय.

वेंकट_नेरूळ
मराठी चुकलं तर सांभाळून घ्या, घरी तमिळ, शाळा नेरूळची.

एक शंका. आत्याबाई गंधारावर थांबतात की त्याला हलवतात? आमच्या कर्नाटक संगीतातल्या तोडी रागात गंधार एका जागी उभा राहतच नाही, वरच्या-खालच्या स्वराकडे झुलत राहतो. पेटीवर त्या गंधाराची पट्टी दाबली की तोडी गायब. तेव्हा सरासरी काढून "इथे स्वर आहे" म्हटलं तर फसगत होईल, आनंद. झोपाळ्याची सरासरी काढली तर तो मधोमध स्थिर दिसतो.

अवांतर: आमच्या भजन मंडळात मराठी अभंग असतातच. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, तिकडे मराठी कीर्तनकार यायचे, त्यांच्यापासून आमची हरिकथा घडली. तमिळ भागवतर, म्हणजे हरिकथा सांगणारे, आजही साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्तं म्हणतात. माझी आजी 'साकी' हा तमिळ शब्द समजायची.

आनंद_ऐरोली
@वेंकट, झोपाळ्याचा मुद्दा पटला. सरासरी देणार नाही, पूर्ण वक्र काढून बघतो.

बेने_ठाणेकर
वेंकट यांनी साकी-दिंडीचा विषय काढला म्हणून लिहितो. आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. ठाण्यातलं आमचं प्रार्थनामंदिर १८७९ चं. त्याच सुमारास, १८८० नंतर, आमच्या लोकांनी मराठी कीर्तनं रचली. कथा तोराहमधल्या, योसेफ, मोशे, आणि त्यांना साकी, दिंडी, ओवी, कामदा. हरदास उभा राहून सांगायचा, मागे पेटी आणि टाळ.

आजीची वही माझ्याकडे आहे. निळी शाई, कोपरे वाळवीने खाल्लेले. प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल" असं लिहून एखाद्या त्या काळच्या लोकप्रिय पदाची पहिली ओळ. लिहिणाऱ्याला वाटलं, ही चाल सगळ्यांना येतेच, वेगळी कशाला लिहायची? आज ती मूळ पदंच कुणाला माहीत नाहीत. आठ पानी एका कीर्तनातली दोन पदं मला गाता येतात, तीही आजी पोळ्या लाटताना गुणगुणायची म्हणून. बाकीचे शब्द हातात आहेत आणि गाणं नाही. नातेवाईकांपैकी बरेच इस्रायलला गेले, तिकडे विचारतोय.

ताई, शब्द लिहून थांबू नका एवढ्यासाठी हे सांगितलं.

घणसोलीची_लेक
तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, ठाणेकर. त्या दोन पदांचं रेकॉर्डिंग आजच करून ठेवा, हात जोडून सांगते.

खाडीकाठ, कॉपी केली. आनंद, फाइल पाठवली.

डहाणूची_सून
आमच्या वारल्यांतही लग्न धवलेरीच लावते. डहाणू २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे आपण शेजारीच. तारप्याचं सांगते. वाळलेला दुधी, त्याला दोन बांबूच्या नळ्या, तोंडाला ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले. माझे सासरे बनवायचे. नळीला भोक पाडायच्या आधी बोटांनी अंतर मोजायचे, मग फुंकून बघायचे, मग मेण. त्यांचे दोन तारपे एकमेकांशी जुळलेले मी कधी ऐकले नाहीत, आणि अख्खी रात्र त्यावर नाच व्हायचा.

तारपा शाळेच्या पुस्तकात "लोकवाद्य" म्हणून येतो आणि पुढच्या धड्यात बासरी "वाद्य" म्हणून. हे मला लहानपणापासून खटकतं.

मालतीताई
खटकायलाच हवं. भरताच्या नाट्यशास्त्राने असा भेद केलेला नाही. वाद्यं चार प्रकारची: तत, सुषिर, अवनद्ध, घन. तारेची, फुंकायची, चामड्याने मढवलेली, आणि आपटून स्वतःच वाजणारी. तारपा आणि बासरी एकाच घरात, सुषिर.

गंमत पुढे आहे. कलकत्त्याचे राजे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ च्या सुमारास शंभरेक भारतीय वाद्यं बेल्जियमच्या राजाला भेट पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संग्रहालयात गेली. तिथले प्रमुख माहियों यांच्यापुढे प्रश्न की यांची मांडणी कशी करायची? त्यांनी भरताची चार घरं उचलली आणि जगभरच्या वाद्यांना लावली. १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी त्यावर मोठी पद्धत उभारली, जी आज सगळ्या जगातली संग्रहालयं वापरतात. आपली पोरं तीच पद्धत इंग्रजी नावांनी पाठ करतात.

सानिका_कळवा
बारावीत आहे. हा धागा दोनदा वाचला. हे जे सगळे करतायत त्या विषयाला म्हणतात काय? आणि आपल्याकडे कुणी केलंय का?

मालतीताई
@सानिका, आधी त्याला तुलनात्मक संगीतशास्त्र म्हणत. १९५० मध्ये याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने एथ्नोम्युझिकॉलॉजी हा शब्द पुढे आणला, कारण नुसती तुलना पुरत नाही, ते संगीत कोण, कुठे, कशासाठी करतं हेही बघावं लागतं. मराठीत एकच शब्द ठरलेला नाही. डॉ. अशोक रानडे यांनी मात्र मराठीत यावर आयुष्यभर लिहिलं. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी संगीताची सहा दालनं त्यांनी मांडली आणि कुठलंही एक वरचं, दुसरं खालचं मानलं नाही. त्यांचं बोलणं मी समोर बसून ऐकलंय, एका व्याख्यानात वासुदेव, ठुमरी आणि नाट्यपद तिन्ही स्वतः गाऊन दाखवायचे.

आणि हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं काम बघ. मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणणाऱ्या बाईच्या नावागावासकट. नेटवर ऐकायला मिळतात. अभ्यासाला आणखी काय हवं तुला? कळव्यात राहतेस, पारसिकच्या दोन्ही बाजूंना गावं आहेत.

प्रश्नचिन्ह
वाद घालत होतो म्हणून थोडं वाचलं. २०१९ मध्ये सायन्स मासिकात मोठा अभ्यास आला. ३१५ समाजांच्या नोंदी तपासल्या, एकातही संगीत नाही असं आढळलं नाही. परक्या देशाची अंगाई किंवा नाचाचं गाणं लोक बऱ्यापैकी ओळखतात. उलट २०१६ मध्ये नेचरमध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवर काम आलं. आपल्याला दोन स्वर एकत्र वाजल्यावर जे गोड आणि जे कर्कश वाटतं, त्यांना ते दोन्ही सारखंच बरं वाटतं. म्हणजे गाणं सगळीकडे आणि गोडवा मात्र सवयीचा. माझं आधीचं म्हणणं थोडं मागे घेतो, पूर्ण नाही. मोजमाप आल्यावर बघू.

घणसोलीची_लेक
कुणी विचारलं नाही, पण सांगावंसं वाटतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी आत्या आधी गायलाच तयार नव्हती. मांडव नसताना धवला म्हणायचा नसतो. मग तिनेच मार्ग काढला. दाराला आंब्याचा टाळा बांधायला लावला, पाटावर तांदूळ पसरून नारळ ठेवला, आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. माझ्याकडे किंवा फोनकडे एकदाही बघितलं नाही. मुलगी नंतर म्हणाली, आई, ती त्या नारळासाठी गात होती.

आनंद_ऐरोली
उशीर झाला, माफ करा. नीट करायचं होतं.

चार धवले घेतले. गंधार पुरेसा लांब धरलाय अशा ३८ जागा मिळाल्या. वेंकट, झोपाळा नाही. खालून एक छोटी चढण घेतात आणि मग स्वर जवळजवळ सपाट. ३८ पैकी ३४ जागा ३३४ ते ३५८ सेंटच्या आत, मध्य ३४६. पंचम ६९९ ते ७०४.

उरलेल्या चार जागा एकाच धवल्यातल्या आहेत, हळदीच्या. तिथे गंधार उतरताना येतो आणि ३२० च्या आसपास लागतो. चारही वेळा.

पेटीवाले काका, तुम्हीही बरोबर होता. सर्वांत लांब धवला नऊ मिनिटांचा. सा २०८ हर्ट्झवर सुरू होतो आणि शेवटी २०१ वर येतो, साठेक सेंटची घसरण. वय दिसतं ते इथे. पण गंधार आणि पंचम त्याच्याबरोबर तसेच्या तसे खाली येतात, आपापसातलं अंतर न मोडता. मला गाणं कळत नाही, तरी स्क्रीनवर तो आलेख बघून अंगावर काटा आला.

नौपाड्याचा_पेटीवाला
कबूल. चुकलो होतो, आणि चुकलो याचा आनंद आहे.

आता माझं काम. २०८ म्हणजे काळी चार, सप्तकातली चौथी काळी पट्टी. काळी चारचा शुद्ध गंधार पांढरी एकवर येतो. घरात एक जुनी पेटी पडून आहे, तिच्या मधल्या सप्तकातली पांढरी एकची रीड, म्हणजे सूर काढणारी धातूची पट्टी, काढली. रीडचं टोक घासलं तर सूर चढतो, मुळाशी, रिव्हेटजवळ, घासलं तर उतरतो. मुळाशी चार-चार हात मारत, परत बसवत, ट्यूनर लावून बघत दोन संध्याकाळी गेल्या. ५४ सेंट उतरवली. वडील असते तर पेटी बिघडवली म्हणून बोलले असते. रविवारी घणसोलीला घेऊन येऊ का?

मालतीताई
वा, पेटीवाले!

नोटेशनचं: पंडित भातखंड्यांच्या स्वरलेखन पद्धतीत कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ. या गंधाराला चिन्ह नाही, कारण ज्या बंदिशी ते लिहीत होते त्यांत तो नव्हता. तुम्ही नवं चिन्ह करा. ग च्या डोक्यावर छोटं वर्तुळ, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: वर्तुळाचा ग, सुमारे ३४६ सेंट, हळदीच्या धवल्यात उतरताना ३२०, गाणाऱ्या बाईंचं नाव, गाव, तारीख. सोबत रेकॉर्डिंगचा क्रमांक. पुढच्या माणसाला ठाणेकरांसारखं अडायला नको.

प्रश्नचिन्ह
आकडे बघून मान्य, हा त्यांचा पक्का स्वर आहे. आता शेवटची शंका, रागावू नका. हा आत्याबाईंचा की धवल्याचा? एकच बाई मोजलीय. दुसरी गाणारी मिळाल्याशिवाय "आगरी गंधार" म्हणता येणार नाही.

घणसोलीची_लेक
रागावत नाही, दादा. हे मलाही सुचलं होतं. आत्याची जोडीण कोपरखैरणेला असते, वय ७१. दोघी पूर्वी एकीने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची अशा गायच्या. तिलाही रविवारी बोलावते.

घणसोलीची_लेक
रविवारचा वृत्तान्त.

पेटीवाले काका, आनंद, मी, मुलगी आणि जोडीणबाई. आत्याने पुन्हा आंब्याचा टाळा बांधायला लावला. काकांनी पेटी उघडली तर म्हणाली, "मना ती पेटी नको गो. तिच्या मागं मी नाय जायाची, तिनं माझ्या मागं यावा." काका म्हणाले, मावशी, तेच करायला आणलीय. तिने पहिली ओळ म्हटली, काकांनी अर्ध्या ओळीनंतर पांढरी एक हळूच दाबून धरली. आत्या थांबली. पेटीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि तीच ओळ परत पहिल्यापासून म्हटली. या वेळी शेवटपर्यंत.

जोडीणबाईंचा आवाज वेगळा, जाड, पण गंधार आनंदने तिथेच मोजला: ३५२. हळदीचा धवला तिच्याकडेही उतरताना खाली जातो.

मग मुलीला मध्ये बसवलं. पहिल्यांदा ती शुद्धवर चढली. आत्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून खाली दाबला. दुसऱ्यांदा कोमलाजवळ घसरली, तर तोच हात खालून वर उचलला. तीन-चार फेऱ्या अशा गेल्या. पाचवीला हात हललाच नाही. जोडीणबाईंनी पुढची ओळ उचलली आणि तिघी गात राहिल्या. आईने आत स्वयंपाकघरातला गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली.

मार्गशीर्षात आळीत एक लग्न आहे. नवरदेवाच्या बापाने कबूल केलंय, धवले होईपर्यंत डीजे बंद. रेकॉर्डिंगची परवानगी आत्याने दिली, एका अटीवर: कुणालाही ऐकवा, पण तिचं नाव आणि गावाचं नाव सांगून.

प्रश्नचिन्ह
वाचून फार बरं वाटलं. पण दोघी शिकल्या कुणाकडे? एकाच बाईकडे असतील तर दोन आकडे म्हणजे एकच घर.

घणसोलीची_लेक
विचारलं. एकाच बाईकडे. ती लग्न होऊन उरणच्या बाजूने घणसोलीत आली होती आणि धवले माहेराहून घेऊन आली होती. उरणकडे आज गाणारी कुणी असेल तर तिचा गंधार ऐकायला हवा. कुणाची ओळख आहे का तिकडे?

खाडीकाठ
माझी मावशी जासईला दिलेली. तिची सासू धवले म्हणायची, मावशीलाही थोडे येतात. शनिवारी जाऊन विचारतो. फोन दोन नेईन.